न वाजलेला भोंगा आणि चार हजारांचा दावा

मित्रांनो, मी एक जुना पितळी भोंगा आहे. बेळगावच्या एका कारागिराने मला घडवले आणि निपाणी-बेळगाव धावणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर बसवले. ड्रायव्हरने माझा रबरी फुगा दाबला की बैलगाड्या मुकाट्याने कडेला जात. प्रवासी माझ्या आवाजाचे कौतुक करत.

पुढे रबराला चीर पडली. ड्रायव्हरने मालकाला दोनदा सांगितले. मालकाने दोनदा 'बघू' म्हटले.

१९३४ सालच्या एका सकाळी, काकतीजवळच्या वळणावर ड्रायव्हरने फुगा दाबला आणि माझ्यातून नुसता वारा सुटला. पुढे शहापूरचे विणकर जोतिराम लुगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन चालले होते. मोटारीची धडक बसून ते जागीच गेले. धक्क्याने निखळून मी त्यांच्या शेजारी पडलो. त्यांचा धाकटा भाऊ मष्णू याने मला पुरावा म्हणून उचलले.

जोतिरामांच्या पत्नीने, चंद्राबाईने, मोटारमालकावर नुकसानभरपाईचा दावा लावायचे ठरवले. वकिलांच्या टेबलावर मी होतोच.

"किती मागायचे?" वकिलांनी विचारले.

"चार हजार," मष्णू म्हणाला.

"हजार मागा. जास्त मागाल तितका कोर्ट-फीचा स्टँप जास्त. शिवाय मागणीचा जेवढा भाग कोर्ट नाकारेल, त्या प्रमाणात समोरच्याचा वकील-कोर्टाचा खर्चही तुमच्यावर बसेल."

"वकीलसाब, आमी लुगडी इकतो. धाचं लुगडं वीसला सांगतो, मग गिऱ्हाईक खाली आणतंय. जज्जसाब बी आणतील की!"

"भावजी, वकीलसाब सांगत्यात ते ऐका की वो," चंद्राबाई म्हणाली.

"तुमी गप ऱ्हावा, वैनी. आदीच कमी सांगितलं तर हातात काय येणार?"

स्टँपसाठी चंद्राबाईने हातमागासकट राहती खोली सावकाराकडे गहाण टाकली.

खटला सव्वा वर्ष चालला. कोर्टात पुरावा म्हणून माझे नाव 'निशाणी सात' होते. माझी चीर पाहून मालकाच्या वकिलांना बोलायला जागा उरली नाही. दोष मालकाचा ठरला. मग न्यायाधीशांनी मष्णूला विचारले, "चार हजार हा आकडा कशावरून काढला?"

"तुमी कमी करशीला म्हणून वाढवून सांगितला, साहेब."

कोर्ट हसले. न्यायाधीश हसले नाहीत. भरपाई कमाईवरून ठरायची, पण मष्णूने सांगितलेला जोतिरामांच्या कमाईचा आकडाही त्यांना मग खरा वाटेना.

भरपाई मिळाली चारशे. मागणीचे नऊ दशांश फेटाळले, म्हणून मालकाच्या खर्चाचे नऊ दशांश चंद्राबाईवर आले आणि त्या चारशेतून कापले गेले. उरलेल्या पैशांत खोली सुटणार नव्हती.

चंद्राबाई उभी राहिली. "माझा धनी तेंनी मारला, आन् तेंच्या वकिलाचं पैसं मी द्यायचं?"

कोर्टाच्या शिपायाने पुढचा खटला पुकारला. मी पितळेचा, पण सुन्न झालो.

खोली सावकाराकडे गेली. त्याच खोलीत, त्याच मागावर चंद्राबाई आता मजुरीने विणते.

मित्रांनो, रबराची चीर दिसेल त्याच दिवशी रबर बदला. आणि न्याय मागायला जाल तेव्हा झाले तेवढेच नुकसान सांगा. तिथे घासाघीस नसते.

काल मष्णू मला मोडीत घालायला निघाला. चंद्राबाईने मला त्याच्या हातातून काढून घेतले.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "कोर्टात आपल्या बाजूनं ह्यानं तेवढं खरं सांगितलं."