सातने भाग

शुक्रवारी दुपारी सव्वादोनला अब्दुलहक मास्तरांनी २८७ला सातने भाग दिला. बरोबर एकेचाळीस. बाकी शून्य.

आकडेमोड केलेलं कागदी पाकीट त्यांनी उलटं केलं. फेस शहरातल्या शाळेत पस्तीस वर्षं त्यांनी मूळसंख्या शिकवल्या होत्या. "सातने बघितलंस का?" हे विचारून पोरांना उभं करायचे, म्हणून त्यांचं नावच पडलं होतं, सातवाले मास्तर.

"दादा, आकडे मग मांडा," बहीण कन्झा म्हणाली. "कुसकुसचा रवा गार झाला की वाळू होते."

सामाईक थाळ्याभोवती चार चमचे होते. चौथा जावयाचा, हिशामचा. कन्झाच्या मुलीला, बतूलला न्यायला तो नमाजनंतर येणार होता. ती तीन आठवडे माहेरी होती. का, ते कोणी विचारत नव्हतं.

दोन मित्रसंख्या दोन ताइतांवर कोरल्या की जोडा टिकतो, अशी जुनी रीत. एकीला ज्यांनी भाग जातो त्या लहान संख्यांची बेरीज दुसरी, आणि दुसरीच्या तशाच बेरजेतून पहिली. सगळे २२० आणि २८४ कोरतात. मास्तरांना भाचीसाठी नवी जोडी हवी होती. लग्नाचं साल २०२४. जुन्या सूत्रातून नेमकी तीच संख्या निघाली, जोडीला २२९६. तीनशे पाहुण्यांसमोर उभं राहून त्यांनी ते सांगितलं होतं. सूत्राची अट एवढीच, की २८७ मूळसंख्या हवी.

ती नव्हती. २०२४ची बेरीज २२९६ येत होती. २२९६ची येत होती २७४४. पलीकडून काही परत येत नव्हतं.

"बतूल," मास्तर थाळ्याकडे बघत म्हणाले, "तुझा ताईत दे जरा. काळा पडलाय, उजळून आणतो."

बतूलने गळ्याशी हात नेला. काढला मात्र नाही.

"सातने भाग गेला वाटतं, मामा."

मास्तरांचा चमचा थांबला.

"तुला कधी कळलं?"

"लग्नातच. तुमच्या वर्गात मी काय कमी वेळा उभी राहिलेय?"

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"टाळ्या चालल्या होत्या. तुम्ही किती खूश होता."

"मला सांगेल का कोणी, काय चाललंय?" कन्झा म्हणाली.

"काही नाही, आई. मामांची एक चूक सापडली."

"एकच?"

मास्तरांना हसू आलं नाही. पाकिटाची घडी घालत ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्याकडे २०२४ आहे ना? नुसता देणारा?"

"हो."

"मीच तसा वाटून दिला."

"नाही. तुम्ही डबी माझ्या हातात दिली होती. आत दोन होते." बतूलने ताईत कॉलरच्या आत सरकवला. "कुठला आपला, ते मी ठरवलं."

ती पुन्हा जेवू लागली. आपल्यासमोरचंच खात होती, पलीकडे चमचा नेत नव्हती.

पावणेचारला कन्झाने थाळा उचलला. हिशामच्या बाजूचा कुसकुस तसाच होता.

चारपर्यंत त्याचा फोन आला नव्हता.