चार नंबरचं मशीन

सात चाळीस झाले तरी चार नंबरचा पलंग रिकामाच होता.

मशीन कधीचं तयार होतं. मनालीने साडेसहालाच नळ्या जोडून, त्यातून खारं पाणी फिरवून ते सज्ज ठेवलं होतं आणि आता ते दर दोन मिनिटांनी केकाटत होतं. प्रत्येक वेळी ती जाऊन बटण दाबत होती. बाकीच्या चार मशिनांवर चार माणसं डावे हात पसरून पडली होती आणि रिकाम्या पलंगाकडे आपली नजर जाऊ नये याची चौघंही शिकस्त करत होती. लालबागच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये पलंग रिकामा राहण्याची कारणं फार नसत. दीड वर्षापूर्वी याच पलंगावरचे रामू मेस्त्री एका मंगळवारी आले नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या जागी रमाकांत आले. आता रमाकांत आले नव्हते.

मंगळवारीही आले नव्हते. मनालीची तेव्हा सुट्टी होती. तिचा सहकारी मयूर, नोकरीत नवा, त्याने तीनदा फोन लावला, तो बंद लागला, म्हणून माणूस गावी गेला असेल असं समजून गडी मोकळा झाला. म्हणजे रमाकांतांचं रक्त शेवटचं धुतलं गेलं ते शनिवारी. आज गुरुवार. पाच दिवसांत अंगात काय साठतं आणि ते हृदयाचं काय करतं, हे चौदा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको होतं. त्यात सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टचा नियम असा, की लागोपाठ दोन गैरहजेऱ्या झाल्या की नाव यादीतून खाली. दहाला मॅनेजर येणार, रजिस्टर उघडणार आणि बाहेर खोळंबलेल्या तीस जणांतल्या एकाला फोन करणार. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

रमाकांतांचा फोन आजही बंद होता. शेवटी तिने त्यांच्या बायकोला लावला. राधावहिनी फणसवाडीत दोन घरी स्वयंपाक करायच्या. फोडणीच्या आवाजातून त्यांचं बोलणं नीट कळेना, पण एवढं कळलं. रमाकांत सहालाच डबा घेऊन घरातून निघाले होते. मंगळवारीही निघाले होते आणि संध्याकाळी येऊन म्हणाले होते, आज छान झालं.

मग राधावहिनींनी गॅस बंद केला असावा. त्या हळू आवाजात सांगू लागल्या. सोमवारी प्रितीचा रिपोर्ट आला. मुलीची किडनी बापाला जुळते आहे. घरात सगळे आनंदाने रडले, शेजाऱ्यांना पेढे दिले, हे मात्र जेवले नाहीत.

"मला वाटलं, आनंदानेच गप्प झालेत," राधावहिनी म्हणाल्या.

मनालीने फोन ठेवला. माणूस हरवलेला नव्हता, त्याने ठरवून यायचं सोडलं होतं. ती मयूरला म्हणाली, मी अर्ध्या तासात येते. मयूरच्या तोंडचं पाणी पळालं. चार मशिनांवर कायम दोघं हवीत, हे त्यालाही पाठ होतं. नेमक्या त्याच वेळात कुणाचं प्रेशर कोसळलं तर काय करायचं, असं त्याने विचारलं. दोन नंबरच्या काकांचं प्रेशर दर दहा मिनिटांनी घे, पडलं तर पाय वर, सलाईन आणि मला फोन, एवढं सांगून ती जिना उतरली. चौदा वर्षांत ड्युटी चालू असताना तिने तो जिना कधी उतरला नव्हता.

टॅक्सीवाल्याला तिने रे रोड सांगितलं. दुसरी जागा तिच्या डोक्यात येईचना. माणूस मशीनला बांधलेला असला की बोलतो, आणि रमाकांत एकाच विषयावर बोलायचे. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत त्यांनी तीस वर्षं करवत चालवली होती. सागवान कुठला, सालाचं लाकूड कुठलं, डोळे मिटून वासावर सांगायचो, हे मनालीने इतक्यांदा ऐकलं होतं की तिलाच आता ते वास येतील असं वाटे. वाटेत तिने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सापडला की थेट मशीनवर घे, आणि पूर्ण चार तास, एक मिनिट कमी चालणार नाही. सापडला की, असं ते म्हणाले, आणि तिने टॅक्सीवाल्याला घाई करायला सांगितलं.

ते सापडले. वखारीच्या मागे फळ्यांच्या थप्पीला टेकून, मांडीवर डब्याची पिशवी ठेवून बसले होते. चेहरा सुजला होता. वखारीचा रखवालदार जुना ओळखीचा, त्याने चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली होती. मनालीने त्यांच्या डाव्या हातावर, सुया टोचायच्या शिरेवर दोन बोटं ठेवली. आत रक्ताची थरथर चालू होती. तिला एकदम रडू आलं आणि त्याचाच राग आला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" रमाकांतांनी विचारलं. बोलताना त्यांना धाप लागत होती.

"तुम्हीच. आठवड्याचे बारा तास दुसरं बोलता काय तुम्ही?"

ते हसले नाहीत. त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"पोरीचं जुळलं. सत्तावीस वर्षांची आहे ती. तिला चिरायची, आणि मी जगायचं. नको म्हटलं तर घरात कोण ऐकतंय? मीच नसलो तर विषयच संपला."

"मग ऑपरेशनला परवानगी देतात त्या कमिटीपुढे जाऊन नको म्हणा. तुमच्या मनाविरुद्ध कोणी किडनी बसवत नाही. पण नको म्हणायला माणूस जिवंत लागतो, काका."

हे तिला हवं त्यापेक्षा कडक झालं. रमाकांतांनी मान खाली घातली, पण उठायचं नाव नाही. पलीकडे करवत सुरू झाली, थांबली. मनालीने घड्याळ बघितलं. मयूरला एकट्याला पंचवीस मिनिटं झाली होती.

"मी चार जणांना त्या नवख्या पोरावर टाकून आलेय," ती म्हणाली. "तुम्ही उठणार नसाल तर मीपण इथेच बसते. नोकरी जाईल ती जाईल."

खरं तर ती भीती घालायला बोलली होती. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खरोखर इथून हलणार नाही. रमाकांतांची नजर तिच्या पायांकडे गेली. वॉर्डातल्या निळ्या रबरी चपलांवरच ती आली होती आणि त्या भुशाने भरल्या होत्या. त्यांनी हात टेकला, एकदा उठायचा प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा ते उभे राहिले.

"तुमच्या नोकरीवर यायला नको," ते म्हणाले.

वजन केलं तेव्हा साडेचार किलो पाणी जास्त भरलं. सव्वानऊला सुया टोचून झाल्या. मयूर घामाने निथळत होता, पण चौघंही ठाकठीक होते. दोन नंबरच्या काकांनी तर मनाली आत येताच टाळी वाजवायला हात उचलला आणि सुईची आठवण होऊन पुन्हा ठेवला. मॅनेजर दहाला आले. त्यांनी रजिस्टर बघितलं, सगळं ऐकून घेतलं, रमाकांतांचं नाव ठेवलं आणि ड्युटी चालू असताना जागा सोडल्याबद्दल मनालीकडून लेखी खुलासा मागितला. माणूस वाईट नव्हता, पण कागद तो कागद.

खरा पेच पुढे होता. चार तास म्हणजे सव्वा एक. आणि चार नंबरवर साडेअकराला सुभद्राबाईंची वेळ होती.

सुभद्राबाई म्हणजे सगळ्या सेंटरचा धसका. सत्तरीची मालवणी बाई, पाच मिनिटं उशीर झाला की सगळा मजला डोक्यावर घ्यायची. त्यांच्यानंतर संध्याकाळी येणाऱ्या गृहस्थांना मयूरने भीत भीत फोन केला. ते बँकेत वॉचमन होते. बरं झालं, तेवढीच झोप मिळेल, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. रात्री उशिरापर्यंत थांबायला मयूर आपण होऊन तयार झाला. सुभद्राबाईंना सांगायची हिंमत मात्र कुणालाच होईना. मनालीने मनाशी ठरवलं, साडेअकराला रमाकांतांना काढायचं, सव्वादोन तासांत निघेल तेवढं निघेल. नियम तसाच होता. तिला ते पटत नव्हतं, पण दुसऱ्याच्या तासांवर हात टाकायचा अधिकार तिला नव्हता.

सुभद्राबाई अकराला आल्या. भाचा दारापर्यंत सोडून कामावर निघून गेला. त्यांनी चार नंबरवर माणूस बघितला, घड्याळ बघितलं. मनालीने पुढे होऊन काय ते सांगितलं, वखारीसकट. आता भडका उडणार म्हणून मयूर औषधांच्या खोलीत गेला.

सुभद्राबाईंनी हातातली पिशवी बाकावर ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या रामूक मी पंधरा मिनटां आधी काढूक लावलंय. आठवता मा तुका?"

मनालीला आठवत होतं. रामू मेस्त्री एका शनिवारी उशिरा आले होते, बाईंनी भांडून आपली वेळ घेतली होती आणि पुढच्या मंगळवारी मेस्त्री आलेच नाहीत. त्या पंधरा मिनिटांनी काही झालं नव्हतं, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावलं होतं. बाईंनी दोन्ही वेळा मान हलवली होती. ते त्यांच्या मनात शिरलंच नव्हतं, हे मनालीला आज कळलं.

"ह्येका काढू नको गो," त्या म्हणाल्या. "मी बसतंय हय."

आणि त्या बाकावर बसल्या. पाय सुजले होते, चप्पल काढली तिथे वळ उठले होते. आडवं होता येत नव्हतं, अंगात साठलेलं पाणी छातीपर्यंत आलं होतं. बारापर्यंत त्या ताठ बसल्या, साडेबाराला पुढे झुकल्या. मनालीने त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. त्र्याण्णव. दहा मिनिटांनी ब्याण्णव. एक वाजता एक्क्याण्णव.

तिने डॉक्टरांना फोन लावला. ऑक्सिजनचा मास्क लाव, ते म्हणाले, नव्वदच्या खाली गेलं तर पहिल्याला काढ आणि बाईंना घे. मनालीने मास्क लावला. नव्वद. एका हाताने ती बाईंच्या पाठीला आधार देत होती आणि डोळे रमाकांतांच्या मशीनवरच्या आकड्यांवर होते. बारा मिनिटं राहिली होती. दोन्ही बाजूंना माणूस होता आणि मध्ये तिचा एक निर्णय.

रमाकांत मान उचलून बघत होते. त्यांनाही आकडा दिसत होता.

"मला काढा, ताई. झालं माझं. त्यांना घ्या."

सुभद्राबाईंनी मास्क बाजूला सारला. "गप पडान रव," त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलायला त्यांना श्वास पुरला नाही.

मनालीने मास्क पुन्हा बसवला. आकडा नव्वदवरच थांबला, मग एक्क्याण्णव झाला. सव्वा एकला रमाकांतांच्या सुया निघाल्या. मयूरने इतक्या भरभर मशीन धुऊन तयार केलं, की एरवी त्याने तशी घाई केली असती तर मनालीने त्याला झापलं असतं. पावणेदोनला सुभद्राबाईंचं रक्त नळीत आलं. तेव्हा कुठे मनाली पाणी प्यायला गेली.

राधावहिनी धावतपळत आल्या होत्या. नवऱ्याला बघून त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रमाकांतांनी त्यांना एवढंच सांगितलं की प्रितीशी रात्री मी बोलतो. मनाली म्हणाली, आता घरी जाऊन झोपा, अंगात त्राण नसेल. तेवढ्यात सुभद्राबाईंच्या भाच्याचा फोन आला. सहाला तो येऊ शकत नव्हता, ड्युटी होती. यांना घरी कोण पोचवणार, हे मनाली मयूरला विचारत होती, तेव्हा रमाकांतांनी स्टूल ओढला.

"मी आहे ना," ते म्हणाले. उजव्या हाताने डाव्या हातावरचा कापूस दाबत ते सुभद्राबाईंच्या पलंगाशी बसले. राधावहिनींनी तिथेच डबा उघडून त्यांना भरवलं आणि त्या आपल्या संध्याकाळच्या कामाला गेल्या.

मनालीची ड्युटी तीनला संपत होती. खुलासा लिहायचा म्हणून ती थांबली. तीनदा लिहून तिने तीनदा फाडला आणि चौथ्यांदा जे झालं ते तसंच्या तसं लिहिलं. सहाला ती आत आली तेव्हा बाईंच्या सुया निघाल्या होत्या, चेहऱ्याचा रंग परत आला होता आणि त्याच्याबरोबर त्यांचा आवाजही.

"शनवारी कितक्याक येतलंस?" त्या रमाकांतांना विचारत होत्या.

रमाकांतांनी हातावरची पट्टी नीट केली. मयूरच्या हातातला बोळा हातातच राहिला. मनाली दारात थांबली.

"सातला."

"पावणेसाताक ये. माका साडेअकराक मशीन व्हया."

"येतो," रमाकांत म्हणाले.

दोघं जिना उतरली. सुईच्या हाताने ओझं उचलायचं नसतं, म्हणून बाईंची आणि स्वतःची, दोन्ही पिशव्या रमाकांतांनी उजव्या हातात घेतल्या होत्या. वरच्या खिडकीतून मनालीला ती दोघं रस्ता ओलांडायला कडेला उभी दिसली. गाड्या थांबत नव्हत्या. रमाकांतांनी पट्टी बांधलेला डावा हात वर केला, एक टॅक्सी थांबली, तिच्यामागची बस थांबली, आणि दोघं हळूहळू पलीकडे गेली.