पेटीतून न हसता उठलेला पापा

ओन्येक्वेरेचा हात माझ्या हातात होता आणि गारठून गेला होता. थिएटरात एसी आहे म्हणून, असं मी स्वतःला समजावत होते. खोटं. गेले तीन आठवडे त्याचे हात असेच आहेत. आमच्या एनुगू शहराच्या भर उन्हात अंगणात बसवला तरी.

चौदा वर्षं टीव्हीवर तो पापा होता आणि मी त्याची बायको. 'नऊ नंबरचं घर' ही आमची विनोदी मालिका लागली की रस्ते ओस पडायचे. मी ओरडायचे, "अहो, उठा! सूप थंड झालं!" आणि खाटेवरून पापाचा आवाज यायचा, "मांस किती ते आधी सांग!" बस, एवढंच. पण लोक हसून हसून गडाबडा लोळायचे.

आता त्या मालिकेचा सिनेमा केला लागोसच्या कामसी नावाच्या दिग्दर्शकानं. पोरगा "मम्मी, मम्मी" करत गोड बोलतो, पण विनोद कशाशी खातात ते त्याला ठाऊक नाही. तरुण पापाचं काम नव्या नटाला दिलं. म्हाताऱ्या पापाचं काम काय, तर शवपेटीत मरून पडायचं आणि मी शेजारी बसून रडायचं. हसवणाऱ्या घरात मढं! त्या मेल्या कामसीला काही वाटलं पाहिजे की नाही?

आम्हा जुन्या नटांत एक रीत आहे. खेळात पेटीत झोपलेल्याला तसंच उठू द्यायचं नाही. त्याच्यासाठी जो रडला, त्यानंच हाक मारायची आणि मेलेल्यानं मोठ्यानं हसत उठायचं. म्हणजे मरणाला कळतं की ही थट्टा होती. हाक मारायची होती मी. आणि मी काय केलं? शॉट संपल्यासंपल्या कामसीशी भांडायला धावले.

"अरे, ह्यात हसू कुठंय?"

"मम्मी, आजकाल लोकांना रडायला आवडतं."

माझं डोकंच फिरलं. तणतणत गाडीत बसले ती थेट घरी आले. ओन्येक्वेरेला दोघा कामगारांनी बखोटीला धरून पेटीबाहेर काढलं. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं. डॉक्टर म्हणे, सगळं ठीक आहे. मी त्याच्या घरी जाऊन दहादा हाक मारली. तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "उझोमा, इथं पेटी कुठंय? मी तिथंच आहे अजून." 

पेटी आता फक्त पडद्यावर होती. म्हणून सिनेमा लागला त्या पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला त्याला ओढत आणलं.

दोन तास झाले, थिएटरात कुणी हसलं नाही. मागची बाई पुटपुटली, "ह्यालाच का माझी आई हसायची?" एरवी मी तिथल्या तिथे कामसीच्या नावानं शंख केला असता. पण आज जीव मुठीत धरून बसले होते. आणि मग ती पेटी आली. पडद्यावर ओन्येक्वेरेचा चेहरा, नाकात कापूस. माझ्या शेजारी खऱ्या ओन्येक्वेरेला धाप लागली. पडद्यावर दोन माणसांनी पेटी बंद करायला झाकण उचललं.

मी उठून उभी राहिले. 

"अहो, उठा! सूप थंड झालं!"

 मग सगळं थिएटर एका आवाजात ओरडलं, "मांस किती ते आधी सांग!" आणि हशा फुटला, त्या दुपारचा पहिला. मी मात्र त्याच्याकडे वळले. उत्तर सगळ्यांनी दिलं होतं, त्यानं नाही. त्याची मान छातीवर पडली होती. पडद्यावर झाकण लागत होतं.

"अगं मम्मी, खाली बस!" कुणीतरी हसत ओरडलं.

मी बसले नाही. त्याची दोन्ही मनगटं धरली आणि गदागदा हलवली. "माझं चुकलं रे. तुला टाकून गेले. पण आता उठ! अहो, उठा! सूप थंड झालं!"

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, थेट माझ्याकडे, पडद्याकडे नाही.

"मांस," तो म्हणाला, "किती ते आधी सांग."

आणि हसला. खोकत, धापा टाकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मी मटकन खुर्चीत बसले.  त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, चोळला.

"उझोमा," तो हळूच म्हणाला, "आता तू हस बघू. तुझे हात माझ्याहून गार पडलेत."