तेजलने लिहिलेली शेळी

"शेळीला चार पाय असतात, हे शेळीलासुद्धा ठाऊक आहे," सुरेखाबाई म्हणाल्या, तसा दुसरीचा वर्ग खिदळला. "मला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगा. सुट्टीत घरचं एखादं जनावर नीट बघा, आणि जे डोळ्यांनी दिसेल तेवढंच सोमवारी लिहून आणा."

वडगाव रासाईच्या शाळेत बाईंची हयात गेली होती. प्राण्यांची माहिती लिहा म्हटलं की पोरं घोकलेली वाक्यं उतरवून मोकळी व्हायची, आणि ती तपासताना बाईंना जांभयांवर जांभया यायच्या. म्हणून हा हट्ट. त्यातून मजाही व्हायची. रविराजने मागे लिहिलं होतं, 'मोबाईलवरची गाणी बंद केली की आमची म्हैस पान्हा चोरते.'

तेजलचं पान मात्र कोरंच असायचं. तिची आई वारली, तेव्हापासून ती दौंडला मामाकडे होती. कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टमध्ये जाणाऱ्या तिच्या वडिलांनी, विनोदने, दुसरं लग्न केलं आणि जूनमध्ये तिला घरी आणलं. नवी आई अनिता रोज तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची. एकदा ती बाईंपाशी रडकुंडीला आली होती.

"बाई, पोरगी जेवती, सांगितलेलं ऐकती. पण मला कशानंच हाक मारत न्हाई. काय पायजे आसलं तर नुसती म्होरं येऊन उभी ऱ्हाती."

"धीर धरा," एवढंच बाई म्हणाल्या होत्या. आपलं ते बोलणं त्यांना स्वतःलाच पोकळ वाटलं होतं.

सोमवारी तेजलने भरलेलं पान पुढे केलं.

'आमची एक शेळी मेली. तिचं करडू राहिलं. दुसरी शेळी त्याला पाजत नव्हती, शिंग मारायची. शेळी वासावरून पिल्लू ओळखते. आईने त्या शेळीचंच दूध काढून करडाला चोळलं. शेपटीपाशी जास्त चोळलं. काल शेळीने करडाला चाटलं.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दूध कुणी चोळलं गं?"

"आईनं. लिवलंय की." बाईंना वाचता येत नाही की काय, अशा नजरेने तेजलने त्यांच्याकडे पाहिलं.

शाळा सुटल्यावर तेजलला न्यायला आलेल्या अनिताला बाईंनी व्हरांड्यात बोलावून पान वाचून दाखवलं. सुरुवातीला ती हसत होती. "लई द्वाड हाय ती शेळी, हात पार सोलून काढला माझा." मग एकदम पानाकडे वाकली.

"कुठली आई, बाई?"

"करडाला दूध चोळणारी."

अनिताने पदर तोंडाला लावला. "तुमचं लई उपकार झालं."

"माझे कसले? शेळीचे माना," बाई म्हणाल्या खऱ्या, पण ही नोकरी आपल्या वाट्याला आली याबद्दल त्यांचंच मन भरून आलं होतं. त्यांनी ते पान अनिताच्या हातात दिलं.

अनिता बारावी शिकलेली होती. तरी पान बाईंना परत देत ती म्हणाली, "अजून एकदा वाचता का?"