उरलेली ऊब

माघातले निस्तेज ऊन. धूळधूसर काचांतून गाळलेले, तंत्रनिकेतनाच्या काळ्या फळ्यावर पसरलेले. ऊन, पण ऊब नसलेले ऊन.

त्या उन्हात नीलांबरी शिकवत होती. आई गेल्यापासून तिचा हात खडूसारखा झाला होता : पांढरा, कोरडा, आज्ञाधारक. फळ्यावर दोन बॅटऱ्या, मध्ये एक रोध, प्रवाहाला अडवून तापणारा. अध्यारोपणाचा सिद्धांत. एका वेळी एकच बॅटरी जागती ठेवायची. दुसरीच्या जागी नुसती तार. दोघींचे प्रवाह निरनिराळे काढायचे, मग बेरीज करायची. पहिलीचा तीन, दुसरीचा दोन, मिळून पाच.

रोज सायंकाळी तीही हेच करत होती. एकट्या उरलेल्या वडिलांच्या, अण्णांच्या घरी जायची; आईची कढी, आईच्या हाका, आईचे लटके रागावणे, सारे मापून त्या घरात ओतायची. आईचा वाटा भरून काढला की घर पुन्हा ऊबदार होईल, अशी तिची बेरीज. अण्णा जेवत, मेणमूर्तीसारखे. घर गारच.

“मॅडम, रोधाचा आकडा एक आहे ना? मग उष्णता म्हणजे नुसता प्रवाहाचा वर्ग,” पौर्णिमा खैरनार उठली. “तिनाचा वर्ग नऊ, दोनाचा चार. तेरा!”

“आली मोठी तेरावाली! बस खाली,” मागच्या बाकावरून कुणीतरी.

“प्रवाहांची बेरीज होते, उष्णतेची नाही,” नीलांबरी म्हणाली. “आधी पाच करायचे, मग वर्ग. पंचवीस.”

“मग पंचविसातले तेरा सोडून वरचे बारा कुठल्या बॅटरीचे, मॅडम?”

खडू थांबला.

“कुठल्याच नाही. दोघी एकत्र वाहतात ना, त्याचे.”

स्वतःचाच स्वर तिला दूरच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. डोळे कोरडेच राहिले. आतल्या आत आईच्या वाट्याचे ते गणित पुसले गेले : निःशब्द, निरश्रू, ओल्या फडक्याने पुसावे तसे.

त्या सायंकाळी तिने कढीला हात लावला नाही.

“अण्णा, मला नाही जमत हो आईसारखं.”

अण्णांनी मान वर केली. “कोण म्हणालं जमव म्हणून? आणि तुझी ती कढी… फार आंबट होते गं.”

चहा त्यांनीच टाकला. पाणचट, बिनआल्याचा, त्यांचा स्वतःचा. कप तिच्याकडे सरकवला, बशी आपल्याकडे घेतली. दोघे पायरीवर शेजारी टेकले; मध्ये थोडी ऊब होती, कुणा एकाची नसलेली. मावळतीचा केशरकरडा प्रकाश बशीतल्या चहावर उतरला. थरथरला, निवला, आणि हळूहळू, हळूहळू, काळोखाच्या रंगाचा झाला.