इंजिनाचं पाणी

सिद्रामप्पांनी छत्रीच्या दांड्यानं कळंब रोड स्टेशनातल्या घंटेवर टोला हाणला, तसा आतला मास्तर डोक्यावरचा रुमाल सावरत बाहेर धावला. गाडीला अजून दोन तास अवकाश होता.

"कोण हाय रं? पोरखेळ लावलाय व्हय?"

"आवाज बसलाय हिचा, मास्तर," सिद्रामप्पा शांतपणे म्हणाले. "पूर्वी पार वस्तीपर्यंत जायचा."

त्यांचा जावई मल्लिनाथ राजदूत मोटारसायकलला टेकून उभा होता. त्यानं कपाळाला हात लावला. सकाळपासून हे तिसरं स्टेशन. येडशीला म्हाताऱ्यानं इंजिनाच्या टाकीभोवती तीन चकरा मारल्या आणि रंग नीट दिला नाही म्हणून तिथल्या लोकांना चार शब्द सुनावले. पंच्याऐंशी सालचा तो एप्रिल. ऊन मी म्हणत होतं, रस्ता म्हणावा तर नुसती बैलगाडीची चाकोरी. मल्लिनाथ साखर कारखान्यात ऊस-नोंदणीचं काम बघायचा. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, ती सासऱ्यांना छोट्या गाडीची जुनी स्टेशनं दाखवण्यात मातीत चालली होती.

आणि बघणं तरी धड कुठं? प्रत्येक ठिकाणी म्हातारा दोन मिनिटं इकडंतिकडं करायचा आणि मग हळूच विचारायचा, "बलभीम सरवदे सध्या कुठं असतो वो?"

"बोरमाळ हॉल्टला," मास्तर म्हणाला. "पाणी पाजतो लोकांना."

सिद्रामप्पांचा चेहरा एकदम उतरला.

"मामा," मल्लिनाथला आता राहवेना, "आपण स्टेशनं बघायला निघालोय का माणूस हुडकायला?"

"बसा जावईबापू. सांगतो."

लिंबाखाली बसून त्यांनी सांगितलं. त्र्याहत्तरचा उन्हाळा. सिद्रामप्पा इंजिनाचे ड्रायव्हर, बलभीम त्यांचा फायरमन. विहिरी कोरड्या ठाक पडलेल्या. बोरमाळ हॉल्टवर गाडी एक मिनिट थांबायची, आणि बायका घागरी घेऊन रुळाकडेला बसलेल्या असायच्या. इंजिनाच्या टाकीतलं पाणी कुणाला द्यायचं नाही असा सक्त हुकूम. एके दिवशी सिद्रामप्पांनी खाली उतरून स्वतःच्या हातानं टाकीची तोटी सोडली; बायका उठून येईपर्यंत ते परत वर चढले होते, तोटीपाशी उभा राहिला तो बलभीम. तीस-चाळीस घागरी भरेपर्यंत गाडी हलली नाही. पुढं चढावर इंजिनाचं पाणी संपलं, भट्टीतली आग ओढून टाकावी लागली, आणि गाडी पाच तास रानात उभी राहिली.

"चौकशीत सायबानं विचारलं, तोटी कुणी सोडली. मी तोंड उघडायच्या आत बलभीम म्हणाला, म्या सोडली. आन् मी गप बसलो."

"का पण?"

"घरात मांडव पडला होता. लेकीचं लगीन चार दिवसांवर."

"कुठल्या लेकीचं?"

"मला काय धा लेकी हायत व्हय? तुमचंच लगीन ते."

मल्लिनाथनं मान खाली घातली आणि बुटानं माती उकरत बसला. बलभीमला इंजिनावरून उतरवून खालच्या कामाला लावलं, ते कायमचं. सिद्रामप्पा मात्र इंजिनावरूनच निवृत्त झाले, हारतुरे घेऊन. आता त्यांच्या खिशात एक कागद होता. उस्मानाबादच्या कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडून टाइप करून घेतलेला. तोटी मी सोडली, बलभीम निर्दोष आहे, खाली सही. तो आधी बलभीमला दाखवायचा, मग बोरमाळच्या लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा आणि मग वर ऑफिसात धाडायचा. आता छातीत कळा येतात. मरायच्या आधी एवढं झालं पाहिजे, असं त्यांनी ठरवलंच होतं.

बोरमाळ म्हणजे एक पत्र्याची शेड, एक बाभळ आणि दोन रांजण. रांजणापाशी खाकी सदऱ्यातला बलभीम तांब्या विसळत बसला होता. केस पार पांढरे झालेले. त्यानं हातानं ऊन अडवून बघितलं.

"आप्पा? आवो, तुमी हिकडं कुठं?"

सिद्रामप्पांनी कागद पुढं केला. बलभीमनं सदऱ्याला हात पुसले, चष्मा लावला आणि सावकाश, ओठ हलवत, सगळा कागद वाचला. मग घडीवर घडी घातली.

"ह्यो कुणाकुणाला दावला?"

"कुणाला न्हाय अजून. आता गाडीला माणसं जमतील, त्यांच्याम्होरं वाचतो."

"नका वाचू."

"आरं, तुझं नुकसान झालं माझ्यापायी..."

"झालं की. बारा वर्सं इंजिन सपनात येतंय माझ्या." बलभीमचा आवाज चढला. मग त्यानं शेडकडं बघून तो खाली आणला. "आप्पा, त्या साली हितल्या हिरीवर आमच्या बाया लांब उभ्या ऱ्हायच्या. कुणी वरून वतलं तर पाणी. त्या दिशी मातर समद्या एका तोटीखाली आल्या, म्होरं-मागं कोण हाय न बघता. पुढं हिरीला पाणी आलं, तशी माझी मथुरा घागर घिऊन सरळ वर चढली. दोघं-चौघं आडवे आले. तवा ती जाईबाई हाय न्हवं, पाटलाच्या भावकीतली, ती म्हनली, ज्याच्या हातचं पाणी पिऊन जगलाव, त्याच्या बायकूला आडवताय? लाज न्हाय वाटत? त्या दिसापास्नं कुणी आडवं आलं न्हाय."

बलभीमनं चष्मा काढून खिशात ठेवला.

"इंजिन गेलं ते गेलं. हे नाव तेवढं माझं हाय. तुमास्नी हलकं व्हायचंय, कळतंय मला. पर तुमी हलकं हून घरला जाल. हितं ऱ्हायचंय आमाला."

त्यानं कागद परत दिला. सिद्रामप्पांनी तो हातातच धरला.

तेवढ्यात गाडीसाठी माणसं येऊ लागली. काठी टेकत एक म्हातारी थेट रांजणापाशी आली.

"दे रं बलभीमा घोटभर. ह्ये पाव्हणं कोण?"

बलभीमनं तांब्या भरून तिच्यापुढं केला.

"तुमाला म्हाईत न्हाय पाव्हणं," जाईबाई त्यांच्याकडं वळून म्हणाली, "ह्यो बलभीम म्हंजी द्येवमाणूस. दुस्काळात इंजिनाचं पाणी पाजलं ह्यानं आमाला. नोकरीवर लाथ मारून!"

मल्लिनाथला ते सहन झालं नाही. "आजी, अहो ती तोटी तर आमच्या मामांनी..."

"जावईबापू!"

सिद्रामप्पा इतक्या जोरात ओरडले की शेडमधली माणसं वळून बघायला लागली. त्यांनी कागद मुठीत चुरगाळला आणि जाईबाईकडं बघितलं.

"मी डायवर होतो त्या गाडीचा," ते म्हणाले. "मी नगंच म्हणत होतो. देऊ नगं, नियम हाय, म्हणालो. ह्यानं ऐकलं न्हाय माझं."

जाईबाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग पदर आवरून ती चार पावलं मागं सरकली.

"आन् तहान लागली तवा हितंच आलाव व्हय?"

"आसू दे, आत्या," बलभीम म्हणाला. "लई लांबनं आल्यात."

त्यानं रांजणात तांब्या बुडवला आणि भरून पुढं केला. सिद्रामप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून, सगळं पाणी प्याले.