घास उतरत होता तेव्हा

आमचे हे छापखान्यात कटिंग मशीनवर होते. तीस वर्षं कागदाचे गठ्ठे कापले आणि दहाही बोटं शाबूत. त्या धंद्यात ही साधी गोष्ट नव्हे, असं ते येईल त्याला हात पुढे करून दाखवायचे.

घशाचं सुरू झालं तेव्हा त्यांनी ते हसण्यावारीच नेलं. आधी कोरडा घास अडकायचा. मग मऊ भातही छातीशी येऊन थांबायला लागला, आणि शेवटी पाण्याचा घोटसुद्धा उलटून बाहेर. पट्ट्याला नवी भोकं पाडायला जागा उरली नाही तेव्हा कुठे तपासायला तयार झाले. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत गेलेला. ह्यांना कॅन्सरची गाठ आहे एवढं कळलं होतं. कुठवर पोचलंय ते नाही.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून त्या गाठीच्या मधून धातूच्या जाळीची नळी बसवली. हे गुंगीत होते. बाईंनी मला बाहेरच्या बाकावर शेजारी बसवून घेतलं.

"त्यांना आता गिळता येईल," म्हणाल्या. "पण आजार आहे तिथेच आहे, तो वाढणार. ही नळी सुखानं खाता यावं म्हणून. बरं करायला नाही."

किती दिवस, ते मी विचारलं. थोडे महिने, म्हणाल्या, कदाचित त्याहून कमी. शुद्धीवर आल्यावर त्याच सांगणार होत्या. मीच म्हटलं, नको, माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. त्यांनी ऐकलं माझं.

दोन दिवस ह्यांची छाती दुखत होती. तिसऱ्या दिवशी मी बटाटा उकडून, सूप घालून अगदी गुळगुळीत कुस्करला. त्यांनी एक चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटून बसले, अडकण्याची वाट बघत. अडकला नाही.

"गेला गं," म्हणाले.

मग वाटी संपवली, बोटानं पुसून चाटली. अशा माणसाला त्याच दिवशी कसं सांगणार? म्हटलं, उद्या.

असे उद्या किती गेले. मी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या, घास बारीक करून दिले, दोन घासांच्या मध्ये कोमट पाण्याचा घोट, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. तेवढं एक सोडून. बोलायला तोंड उघडलं की हे काहीतरी विनोद करायचे. "गळ्यात जाळी बसवलीय, आता मी चाळून खातो," असं अख्ख्या गल्लीला सांगत फिरले. लोक हसायचे, मीही हसायची.

तिसऱ्या आठवड्यात कामावर गेले. शाळेच्या पुस्तकांची घाई होती. मालकांनी अर्धा दिवस यायला सांगितलं तर हे पूर्ण दिवस उभे राहायचे, आणि घरी येऊन पाय पसरून पडायचे. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "बरा झालेला माणूस घरी बसून काय करणार?"

त्यांची थोरली बहीण, आक्का, सहा तासांच्या अंतरावर राहते. आईच्या आजारपणात ह्यांनी आक्कांना, तुला आईचं काही पडलेलं नाही, असं सुनावलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून येणंजाणं बंद, फोनही बंद. आता एक दिवस जेवताना स्वतःहून म्हणाले, आक्काकडे जाऊन यायचंय, चूक माझी होती.

"मग या रविवारीच जाऊ या ना," मी म्हटलं.

"चार किलो वाढू दे. असा सापळा बघून ती कीव करून माफ करेल. ते नकोय मला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. मी त्यांच्या वाटीत आणखी एक चमचा वाढला.

सहाव्या आठवड्यात घास पुन्हा अडकायला लागला. दुर्बिणीत दिसलं, गाठ नळीच्या वरच्या तोंडाशी वाढली होती. बाई त्यांच्याशी अगदी सरळ बोलल्या, ह्यांना सगळं माहीत आहे असं धरून. आतून दुसरी नळी बसवता येईल, नाहीतर पोटातून नळीवाटे अन्न देता येईल. दोन्हींनी दिवस फारसे वाढणार नाहीत, हे तुम्हाला घरी सांगितलेलंच आहे. हे माझ्याकडे बघत राहिले.

घरी येऊन बूट न काढताच खाटेवर बसले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

अंगावर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मग मी तिथे कागद कशाला कापत बसलो गं?"

मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

दुसरी नळी त्यांनी नाकारली. पोटातलीही. दुखणं कमी व्हावं म्हणून औषधं तेवढी चालू राहिली. मी आक्कांना फोन केला. त्या यायच्या आत ह्यांच्या छातीत कफ भरला आणि आवाज गेला. आक्का खाटेजवळ बसल्या, त्यांनी हात हातात घेतला. ह्यांनी ओळखलं. ओठ हलवत होते, पुन्हा पुन्हा तेच काहीतरी. आक्का कान लावून "हो, हो रे" म्हणत राहिल्या. मागाहून मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, एक शब्द कळला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

निघायच्या दिवशी आक्कांनी पिशवी भरता भरता विचारलं, मध्ये जरा बरा होता का तो. मी सांगितलं, हो, महिनाभर जेवत होते, कामावरही जात होते.

"मग तेव्हा का नाही बोलावलंस मला?"

मी सगळं खरं सांगितलं. ह्या वेळी काहीही मागे ठेवलं नाही. त्या ऐकत उभ्या राहिल्या, मग पिशवीची चेन लावली आणि जिना उतरल्या. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.